सासूबाईंचा वजीर आणि आमचा स्वतंत्र पत्ता

मी रागात घेतलेले निर्णय चुकतात असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. हे स्वतः शांतपणे निर्णय घेतात. बैठकीतला पंखा दुरुस्त करायचा की नवा आणायचा यावर त्यांचा शांतपणे विचार चालू आहे, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन त्याची वाट बघतोय. तेव्हा त्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

इंटरनेट कंपनी सोडायचा निर्णय मी रागात घेतला हे खरं आहे. पण राग बरोबर होता. घरातलं नेट दिवसाआड जायचं. फोन लावला की एक गोड आवाज सांगायचा, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," आणि मग बासरी लागायची. आता मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. तक्रार महत्त्वाची आहे असं माणूस कधी म्हणतो, ते मला कुणी शिकवायला नको.

तर त्या दिवशी बासरी संपून चक्क एक जिवंत माणूस फोनवर आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाजूने राउटर बंद करून चालू करा." मी म्हटलं, "त्यापेक्षा तुमच्या बाजूने कनेक्शनच बंद करा." तो म्हणाला, "नक्की?" आता, मला कुणी "नक्की?" असं विचारलं की माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. "नक्की म्हणजे नक्की. आत्ताच्या आत्ता." आमच्या इतक्या वर्षांच्या संबंधांत ती कंपनी पहिल्यांदाच चपळाईने हलली. मी फोन ठेवेपर्यंत राउटरचे दिवे गेले होते. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, मी जिन्यात जाऊन दिसेल त्याला ही बातमी सांगितली.

लगेच दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, वायर ओढून गेला, नेट सुसाट धावायला लागलं. हे खूश, मी तर हवेतच. संध्याकाळी सासूबाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझी पेटी उघडत नाहीये."

सासूबाईंची पेटी म्हणजे त्यांचं ईमेल, आणि त्या ईमेलचा उपयोग एकच: बुद्धिबळ. समोरासमोर खेळणं त्यांना जमत नाही. समोरचा माणूस खोकतो, पाय हलवतो, तेवढ्याने त्यांचं डोकं उठतं. म्हणून त्या ज्येष्ठ महिलांच्या एका पत्रव्यवहारी स्पर्धेत खेळतात. एक चाल इकडून जाते, सवडीने एक तिकडून येते, एकेक डाव वर्ष वर्ष चालतो. या खेपेला त्या अंतिम फेरीत होत्या. विरुद्ध बाजूला दूर देशातली एक बाई, जिला आमच्या घरात सगळे 'पलीकडची' म्हणतात. या पलीकडचीने सासूबाईंना आजवर दर वेळी हरवलं होतं. या वेळी मात्र तिचा राजा कोपऱ्यात सापडला होता. "आता तिने काहीही खेळू दे," सासूबाई आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मी घोडा आत घातला की संपलं." सासूबाई फुशारकी मारणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी एवढं म्हटलं म्हणजे काम झालंच होतं, आणि त्यांना ते किती हवं होतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि ती पेटी होती जुन्या कंपनीची. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेली. 'आज्जी' आणि पुढे कंपनीचं नाव, असा सुटसुटीत पत्ता. मी कनेक्शन तोडलं आणि त्याबरोबर आज्जीही तोडली.

स्पर्धेचे नियम सासूबाईंनी मला शांतपणे सांगितले. चाल नोंदलेल्या पत्त्यावरूनच यायला हवी. पत्ता बदलायचा असेल तर तेही नोंदलेल्या पत्त्यावरूनच कळवायचं. मुदतीत चाल आली नाही तर डाव गेला. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "मुदतीच्या आत काय ते बघ. बाकी माझं काही म्हणणं नाही." त्या चार शिव्या देत्या तर मला परवडलं असतं. बाकी काही म्हणणं नाही या वाक्याने मला घास गिळवेना.

मी कंपनीला फोन लावला. जुनी पेटी परत हवी म्हटलं. म्हणाले, त्यासाठी कनेक्शन घ्यावं लागेल. घेते. पण नव्या कनेक्शनला नवा पत्ता मिळेल. मग जुना? "जुना प्रक्रियेत आहे." म्हणजे कुठे आहे? "प्रक्रियेत आहे, मॅडम." हा शब्द मी खिडकीवर बसून दिवसभर वापरते. त्याची धार इतकी असेल अशी मला कल्पना नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. जिन्यात बातमी मीच सांगितलेली असल्यामुळे ते विचारपूस करायला आले आणि खुर्चीत बसून, सवयीने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत, त्यांनी निदान केलं. "वहिनी, चूक कंपनी सोडण्यात नाही. चूक कंपनीचा पत्ता वापरण्यात आहे. भाड्याच्या घराच्या दारावर आपण पाटी लावतो. घर सोडलं की पाटी तिथेच राहते. इंटरनेटवर स्वतःच्या नावाची जागा घ्या. वर्षाला थोडंसं भाडं भरायचं, आणि मग वायर कुणाचीही असो, पत्ता तुमचा. उद्या ही कंपनी सोडा, परवा तिसरी धरा, पत्ता हलत नाही. हे दुखणं मुळापासून काढा."

मी उठून उभीच राहिले. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची बासरी नाही. मी म्हटलं, आत्ता घ्यायचं. हे म्हणाले, "जरा विचार..." पंख्याकडे बघून ते स्वतःच गप्प बसले.

पण नाव कोणतं घ्यायचं? आमचं आडनाव बघितलं तर ते एका पंप बनवणाऱ्या कारखान्याने आधीच घेतलेलं. आडनावापुढे 'परिवार' लावून बघितलं, तेही त्यांचंच. त्यांचा परिवार मोठा असावा. डॉक्टर म्हणाले, मध्ये एक आडवी रेघ घाला. आडनावाच्या मध्ये रेघ मारलेली मला अपशकुनी वाटली. ह्यांनी घराचा नंबर सुचवला. उद्या घर बदललं तर काय, असं मी विचारल्यावर ते दुखावले. जेवायची वेळ टळून गेली तरी आमचं बारसं चालूच होतं. शेवटी आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अडीचघर घ्या आणि जेवायला बसा." घोडा पटावर अडीच घरं चालतो, त्यांच्या डोक्यात दिवसरात्र तोच घोडा. बघितलं तर अडीचघर मोकळं होतं. मला ते नाव इतकं आवडलं की मी ते मोठ्याने परत परत म्हणत टाइप केलं.

इथे माझ्या हातून एक गोष्ट झाली. नोंदणीच्या शेवटी त्यांनी विचारलं, तुमचा सध्याचा ईमेल पत्ता द्या, त्यावर खात्रीचा निरोप पाठवतो. माझा हात सवयीने चालला आणि वर्षानुवर्षं सगळीकडे भरत आलेला घरचा पत्ता मी भरला. म्हणजे 'आज्जी'. बटण दाबलं आणि लक्षात आलं, अरे देवा, ती पेटी तर मेलेली आहे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी दुरुस्ती कुठे करायची ते शोधतेय, तोवर पडद्यावर अक्षरं आली: 'आपण खात्री करून दिलीत. धन्यवाद.'

आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. हे हळूच म्हणाले, "कुणी करून दिली?" सासूबाई आतून येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेटीत कुणीतरी आहे."

त्या क्षणाचं दुःख बाजूला ठेवून सांगते, अडीचघर मात्र आमचं झालं, आणि बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. अडीचघरवर प्रत्येकाला आपापला पत्ता हवा झाला. नणंदेला 'ताई' हवं होतं. धाकट्या जावेचं म्हणणं, घरात ताई तिलाही म्हणतात. दीर 'दादा'वर हक्क सांगत होते आणि ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तत्काळ निर्णय घेऊन 'दादा' मीच असं जाहीर केलं. दिवसभर मला फोन. पत्ता चालत नाही, अक्षरं बारीक दिसतात, निरोप गेला की नाही ते कळत नाही. संध्याकाळी मी नणंदेला सांगताना स्वतःला ऐकलं, "तुमच्या बाजूने बंद करून चालू करा."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी नव्या पत्त्यावरून 'आज्जी'ला मेल लिहिलं. आपण कोण आहात? ताबडतोब उत्तर आलं. 'आदरणीय महोदया, आपण प्रकृतीने स्वस्थ असाल अशी आशा करतो. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. नवे कनेक्शन घेतले त्याबरोबर हा पत्ता मिळाला. छोटा पत्ता मागितला होता, कंपनीने हा दिला. आपल्या भेटीचा योग यावा.' खाली स्कूलचा पत्ताही होता. आम्हाला नवी वायर जोडायला महिना लावणाऱ्या कंपनीने, बघा, सासूबाईंची पेटी आठवडा उलटायच्या आत दुसऱ्याच्या पदरात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सासूबाईंना घेऊन ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. रस्त्याला लागून एकच खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, टेबलावर गिअर शिकवायला ठेवलेला एक सुटा दांडा, आणि त्यामागे पांढऱ्या मिशांचे, इस्त्रीच्या शर्टातले मास्तर. त्यांनी उभं राहून नमस्कार केला. माणूस इतका सभ्य की मला भांडायला सुरुवातच करता येईना.

मास्तर म्हणाले, "पेटी उघडली तर निरोपांचा ढीग. लोक विचारताहेत, कळवताहेत, बोलावताहेत. उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मी सगळ्यांना उत्तरं दिली." सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला? ग्रंथालयाला पुस्तक लवकरच परत करतो असं लिहिलं होतं. सासूबाईंच्या मैत्रिणीच्या नातीच्या लग्नाला सहकुटुंब येतो म्हणून कळवलं होतं. नोंदणीवाल्यांनी खात्री करा म्हटलं, तर तीही करून टाकली. "आणि एक परदेशी बाई आहेत," मास्तर खुलून म्हणाले, "फार सुसंस्कृत. त्यांनी पटाचं चित्र पाठवून लिहिलं होतं, तुमची पाळी. मला मोहरे कसे चालतात तेवढं येतं. म्हटलं, बाई वाट बघत असतील."

सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "काय खेळलात?"

"वजीर."

"कुठे?"

"सरळ पुढे. रस्ता मोकळा होता."

सासूबाईंनी डोळे मिटले. पट त्यांच्या डोक्यात मांडलेलाच असतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उंटाच्या तोंडात दिलात हो."

मास्तरांचा चेहरा उतरला. तक्त्यावरच्या खुणांकडे बघत ते म्हणाले, "उंट बाजूच्या गल्लीतून येत होता. माझं लक्ष नव्हतं." गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मलाच वाईट वाटलं.

मास्तरांनी तिथल्या तिथे, नोंदलेल्या पत्त्यावरून, पत्ता बदलल्याचं समितीला कळवलं. त्याच पत्रात झाल्या प्रकाराबद्दल समितीची, पलीकडचीची, सासूबाईंची आणि एकूणच बुद्धिबळाची लांबलचक माफीही मागितली. समितीचं उत्तर नव्या पत्त्यावर आलं: पत्ता बदलून दिला आहे, परंतु चाल नोंदलेल्या पत्त्यावरून मुदतीत आलेली असल्याने ती ग्राह्य आहे. मी समितीला असं काही सणसणीत पत्र लिहिलं की हे ते वाचून खोलीबाहेर गेले. त्याला उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

आता पलीकडची वजीर मारणार आणि डाव संपणार, एवढंच उरलं होतं. सासूबाई पटावर वजीर मास्तरांनी ठेवला तिथे ठेवून बसल्या. मास्तर रोज येऊन बैठकीत बसत आणि मला फुकट गाडी शिकवण्याचा आग्रह करत. शेवटी मला राहवलं नाही. मी सासूबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, माझ्या रागापायी तुमचा डाव गेला. मला फार वाईट वाटतंय." त्या पटावरची नजर न काढता म्हणाल्या, "राग बरोबरच होता तुझा. नेट खरंच जायचं." त्यावर मला रडू आलं आणि त्यांनी मला प्याद्यांच्या डब्याखालचा रुमाल काढून दिला.

आणि मग पलीकडचीचं मेल आलं, थेट अडीचघरच्या पत्त्यावर. सासूबाईंनी चष्मा माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "तूच वाच." हे दारात उभे, डॉक्टर ह्यांच्या मागे, मास्तर खुर्चीच्या अगदी कडेवर. मी वाचायला लागले.

'तुमची वजिराची चाल बघून मी थक्क झाले. वजीर मारायला हात पुढे केला आणि थांबले. मजकूर परत वाचला. तुम्ही मला महोदया म्हटलं होतं. माझ्या प्रकृतीची आशा केली होती. मैत्रिणी, आपण इतकी वर्षं खेळतोय आणि तुम्ही प्रत्येक चालीच्या आधी सुनेविषयी एक तक्रार करता. या पत्रात सुनेबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हाच ओळखलं, हे तुम्ही नव्हेत. पत्ता कुणाचाही असेल, पण ही चाल तुमची नाही. विरुद्ध बाजूचा खेळाडू हरकत घेऊ शकतो, ती मी घेतली, आणि समितीने चाल रद्द केली आहे. खरी चाल पाठवा. आणि सुनेचं काय चाललंय?'

डॉक्टर छताकडे बघायला लागले. ह्यांना एकाएकी काहीतरी आणायला बाजारात जायचं आठवलं. प्रत्येक चालीच्या आधी एक. एका डावात किती चाली असतात, आणि असे किती डाव झाले, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला, तो मी मोठ्या कष्टाने थांबवला. सासूबाई मात्र जराही वरमल्या नाहीत. "चष्मा दे इकडे," त्या म्हणाल्या, "घोडा घालायचाय."

त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून टाइप करण्याचा आवाज येत राहिला. एका चालीला एवढं टाइप करावं लागत नाही. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, अडीचघरच्या किल्ल्या तुमच्याकडेच असतात. मनात आणलं तर त्यांचं पत्र तुम्हाला वाचता येईल." मला ते माहीत होतं. हात शिवशिवत होते. पण तो पत्ता मी सासूबाईंना दिला होता, आणि दिलेल्या घरात डोकावायचं असेल तर मग जुनी कंपनी काय वाईट होती. मी डॉक्टरांना वरच्या मजल्यावर पाठवून दिलं.

उत्तराची वाट बघताना सासूबाई जेवल्या नाहीत आणि मीही नाही. घोड्याला उत्तर नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या पुन्हा पुन्हा पट बघत होत्या. शेवटी मेल आलं. या वेळी त्यांनी ते स्वतः वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

'घोडा बघितला. फारच सुंदर. मला वाट उरलेली नाही. पण मी डाव सोडायच्या आधी एक शंका आहे. तुम्ही लिहिता, सून माझ्यासाठी कंपनीशी भांडली, समितीशी भांडली, आणि असा पत्ता करून दिला की आता मला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. तुम्ही लिहिता, अशी मुलगी शोधून सापडायची नाही. मैत्रिणी, हे खरंच तुम्ही आहात का? परत कुणी दुसरा तर तुमच्या पेटीत बसलेला नाही ना? खात्री पटल्याशिवाय मी डाव सोडणार नाही.'

सासूबाई माझ्याकडे बघेनात आणि मी त्यांच्याकडे बघेना. पण पलीकडची खात्रीची वाट बघत होती. मी नाक पुसलं, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "लिहा, आई. स्वभाव तापट आहे."

त्यांनी लिहिलं. "पुढे?"

"कुणाचं ऐकून घेत नाही. घरातली भांडणं जिन्यात नेते."

"हळू सांग," सासूबाई म्हणाल्या, त्यांची बोटं आता झरझर चालत होती. माझं सांगून संपलं तरी त्या थांबल्या नाहीत. मनापासून, एकटाकी, त्यांनी आणखी बराच मजकूर घातला, मला दिसू नये म्हणून खांदा मध्ये धरला, आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. 'आता खात्री पटली. डाव सोडला. मनापासून अभिनंदन.'

सासूबाईंनी पटावरचा पलीकडचीचा राजा दोन बोटांनी आडवा केला आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मीही हसले. बैठकीतून उठून दारात आलेल्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. खांद्याआड त्यांनी माझ्याबद्दल आणखी काय काय लिहिलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.